धुरावरून अग्नि : मेंदूचीं रंगीत चित्रें काय सांगतात?

अलीकडे वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मेंदूचीं रंगीत चित्रें वारंवार दृष्टीस पडतात. करड्या रंगाच्या मेंदूवर कोठें तांबडा, कोठें पिवळा ठिपका दाखविलेला असतो, आणि खालीं लिहिलेलें असतें कीं, मनुष्य गाणें ऐकत असतां त्याच्या मेंदूचा हा भाग उजळतो, भय वाटलें असतां तो भाग उजळतो, आणि खोटें बोलतांना आणखी तिसराच. हीं चित्रें पाहून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, विचाराचें छायाचित्र घेण्याची युक्ति आतां शास्त्रज्ञांस साधली, व अंतःकरण म्हणून जें आजवर झांकलेलें होतें तें उघड्यावर आलें. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार या मासाच्या लेखांत करण्याचें योजिलें आहे. विषय थोडा कठीण आहे खरा; परंतु ज्या घरांत हें मासिक आजोबांपासून नातवंडांपर्यंत हातोहात फिरतें, त्या घरास तो परका वाटूं नये, अशा बेतानें मांडतों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हें चित्र विचाराचें नव्हे. विचार चालला असतां मज्जापेशींतून जे विजेचे सूक्ष्म तरंग जातात, त्यांचेंहि नव्हे. तें रक्ताचें आहे; आणि रक्तांतहि जो प्राणवायु असतो त्याच्या कमीअधिक प्रमाणाचें आहे. म्हणजे विचारापासून हें चित्र निदान तीन पायऱ्या दूर आहे. पेशी काम करते ही पहिली पायरी. त्या कामामुळें तेथील रक्तप्रवाह बदलतो ही दुसरी. आणि प्रवाह बदलल्यामुळें रक्ताचा चुंबकीय गुण बदलतो ही तिसरी. चित्र तिसऱ्या पायरीचें घ्यावयाचें आणि अनुमान पहिल्या पायरीविषयीं करावयाचें, असा हा व्यवहार आहे. ज्यांनीं अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचला आहे त्यांस येथें पर्वतावरील धुराची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. धूर दिसतो, अग्नि दिसत नाहीं; धुरावरून अग्नि आहे असें आपण ठरवितों. मेंदूच्या चित्रांत रक्त हा धूर होय, व पेशींचें काम हा अग्नि. तेव्हां या धुराची आणि या अग्नीची सांगड कितपत पक्की आहे, हाच काय तो मुख्य प्रश्न.

मेंदूचा शिधा

मनुष्याच्या मेंदूचें वजन सुमारें चौदाशें ग्रॅम, म्हणजे सबंध शरीराच्या अवघें शेंकडा २ भरतें. परंतु आपण स्वस्थ बसलों असतां शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं शेंकडा २० हा एकटा मेंदू खातो. दर मिनिटास सुमारें पाऊण लिटर रक्त त्यास पुरवावें लागतें. यकृतास साखरेचा सांठा करतां येतो, चरबीस तर वर्षानुवर्षांची शिल्लक ठेवतां येते. परंतु मेंदूच्या घरीं सांठ्याची कोठी जवळजवळ नाहींच. रोजचा शिधा रोज, किंबहुना क्षणाचा शिधा त्याच क्षणीं, आला पाहिजे. मेंदूकडे जाणारें रक्त सर्वस्वी थांबलें तर आठदहा सेकंदांत मनुष्याची शुद्ध हरपते.

अशा या खर्चिक अवयवाचा जो भाग अधिक काम करील, त्यास अधिक रक्त मिळत असलें पाहिजे, ही कल्पना नवी नाहीं. इटलींतील ट्यूरिन येथील आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञानें १८८० च्या सुमारास बर्टिनो नांवाच्या एका शेतकऱ्यावर प्रयोग केले. अपघातानें या मनुष्याच्या कवटीस भोंक पडलें होतें, आणि तेथून मेंदूचें स्पंदन यंत्रानें नोंदतां येत असे. मोस्सोनें त्यास आठांस बारांनीं गुणावयास सांगितलें, तों मेंदूचें स्पंदन वाढलें. गणिताच्या शिक्षकास मुलांच्या चेहऱ्यावर जें दिसतें, तें मोस्सोस रक्ताच्या लाटेंत दिसलें, असें म्हटलें तरी चालेल. पुढें १८९० सालीं केंब्रिज येथील रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनीं असें मत मांडलें कीं, पेशींच्या कामांतून जे रासायनिक पदार्थ निघतात तेच आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि म्हणून मेंदूस आपल्या गरजेप्रमाणें आपला पुरवठा आपणच वाढवितां येतो.

या मतास एक मोठा विलक्षण पुरावा १९२८ सालीं मिळाला. अमेरिकेंत बॉस्टन येथें एका तरुण खलाशाच्या मेंदूच्या मागील बाजूस, जेथें दृष्टीचें केंद्र असतें तेथें, रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता झाला होता. त्यांतून रक्त वाहतांना घोंघाट होई, आणि तो रोग्यास स्वतःस व डोक्यावर नळी ठेवणाऱ्या वैद्यासहि ऐकूं येई. जॉन फुल्टन या वैद्यानें असें पाहिलें कीं, रोगी वर्तमानपत्रांतील बारीक अक्षरें वाचूं लागला कीं थोड्याच वेळांत हा आवाज वाढतो. डोळे मिटून स्वस्थ पडला कीं कमी होतो. आणि त्यास तंबाखूचा वास दिला तर आवाजांत कांहींच फरक पडत नाहीं. म्हणजे वाचण्यासाठीं जें केंद्र राबतें त्याच केंद्राकडे रक्ताची धांव असते, हें एका वैद्यानें आपल्या कानांनीं ऐकलें.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटास फिलाडेल्फिया येथें सीमूर केटी व कार्ल श्मिट यांनीं नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्यास हास्यवायु म्हणतात तो, हुंगवून मेंदूंतील सबंध रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा सबंध खर्च मोजण्याची रीति बसविली. दर १०० ग्रॅम मेंदूस मिनिटाला सुमारें ५४ घन सेंटिमीटर रक्त मिळतें व साडेतीनच्या जवळपास घन सेंटिमीटर प्राणवायु लागतो, हे आंकडे त्यांचेच. या रीतीनें १९५५ सालीं लुई सोकोलॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं एक मौजेचा प्रयोग केला. माणसांस तोंडी गणितें घातलीं आणि मेंदूचा खर्च मोजला. निकाल असा निघाला कीं, गणित करतांना सबंध मेंदूचा प्राणवायूचा खर्च मुळींच वाढत नाहीं! मोस्सोचें खोटें कीं यांचें? दोघांचेंहि खरें. मेंदू कधींच रिकामा बसत नाहीं. आपण निजलों, उताणे पडून आढ्याकडे पाहत राहिलों, तरी त्याचा संसार चालूच असतो. एखादें काम करतांना जो वाढावा होतो तो एखाद्या कोपऱ्यांत, आणि एकंदर खर्चाच्या मानानें अत्यल्प. रंगीत चित्र पाहतांना हें विसरूं नये. कारण चित्रांत एक ठिपका रंगविलेला व बाकीचा मेंदू करडा दिसतो, त्यामुळें बाकीचा मेंदू झोपला आहे असा भास होतो. तो भास खोटा आहे. ठिपका हा दोन स्थितींच्या वजाबाकीचें उत्तर आहे, आणि रंग हा गणकयंत्रानें दिलेला आहे. मेंदूंत कांहींहि तांबडें होत नाहीं.

पंगतींतील शिल्लक

आतां या कथेंतील सर्वांत चमत्कारिक भागाकडे येतों. १९८६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथें पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनीं किरणोत्सर्गी प्राणवायूच्या साहाय्यानें मेंदूच्या एकाच भागाचा रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा खर्च असे दोन्ही वेगवेगळे मोजले. बोटांस कंप देऊन स्पर्शाचें केंद्र जागविलें, तेव्हां तेथील रक्तप्रवाह शेंकडा २९ वाढला. परंतु प्राणवायूचा खर्च वाढला तो अवघा शेंकडा ५. मागणी पांचाची आणि पुरवठा एकोणतिसाचा! ज्यांस वाटत होतें कीं पेशींस प्राणवायु कमी पडतो म्हणून रक्त धांवतें, त्यांचा हिशेब येथें जुळेना.

हा हिशेब पंगतीच्या दृष्टांतानें चांगला उमजेल. समजा, पंगतीच्या एका ओळीस नेहमीं शंभर पोळ्या वाढल्या जातात आणि चाळीस खपतात. साठ शिल्लक राहतात. एके दिवशीं त्या ओळीस भूक जरा अधिक लागली आणि चाळिसांच्या बेचाळीस खपूं लागल्या. वाढप्यास हें कळलें, आणि त्या उदार गृहस्थानें शंभरांच्या जागीं एकशें एकोणतीस वाढल्या. आतां शिल्लक किती? सत्यांशी. म्हणजे ज्या ओळीनें अधिक खाल्लें त्याच ओळींत शिल्लक अधिक राहिली! वाढलेल्यांपैकीं पूर्वीं शेंकडा ४० खपत, आतां शेंकडा ३३ सुद्धां खपल्या नाहींत. मेंदूंतहि असेंच घडतें. काम करणाऱ्या भागांतून बाहेर पडणारें नीलेंतील रक्त हें स्वस्थ भागांतील रक्तापेक्षां अधिक प्राणवायुयुक्त, अधिक ताजें असतें. मेंदूचा वाढपी इतका सढळ हाताचा कां, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. कोणी म्हणतात, वाहिन्यांपासून दूरच्या पेशींपर्यंत प्राणवायु झिरपावा म्हणून दाब अधिक ठेवावा लागतो. कोणी म्हणतात, साखर पोंचविणें आणि उष्णता व मळ वाहून नेणें हीहि रक्ताचीच कामें आहेत. वाढप्यास इशारा देणारे पदार्थ मात्र बरेचसे हातीं लागले आहेत. नायट्रिक ऑक्साइड, पोटॅशियम, तसेच मज्जापेशींच्या भोंवतीं असणाऱ्या तारकाकृति पेशींतून निघणारीं द्रव्यें, हीं त्यांपैकीं होत.

ही शिल्लक पाहावयाची कशी? त्यास उपाय रक्तानेंच दिला. १९३६ सालीं लायनस पॉलिंग आणि चार्लस् कोरियेल यांनीं दाखविलें कीं, रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूनें भरलेलें असतां चुंबकाकडे ओढलें जात नाहीं. परंतु प्राणवायु सोडून दिला कीं तेंच किंचित् चुंबकग्राही होतें. या गुणाचा उपयोग १९९० सालीं सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केला. एम्. आर्. आय्. यंत्राचें चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारों पट बलवान् असतें, आणि शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजनकणांकडून येणाऱ्या सूक्ष्म संदेशावरून तें आंतलें चित्र काढतें. प्राणवायुहीन रक्त जेथें असेल तेथें त्याच्या चुंबकत्वानें आसपासचा हा संदेश बिघडतो, मंद होतो. ओगावाच्या प्रयोगांत उंदरांच्या मेंदूंतील नीला म्हणूनच काळ्या रेषांसारख्या दिसल्या; आणि उंदरांस शुद्ध प्राणवायु हुंगविला तेव्हां त्या रेषा नाहींशा झाल्या. त्यावरून पुढची पायरी सरळ होती. काम करणाऱ्या भागांत ताजें रक्त अधिक, म्हणजे प्राणवायुहीन रक्त कमी, म्हणजे संदेशाचा बिघाड कमी, म्हणजे तेथें चित्र किंचित् उजळ. १९९२ सालीं अमेरिकेंतील तीन निरनिराळ्या गटांनीं माणसांच्या मेंदूंत हेंच दाखविलें, आणि त्या दिवसापासून ही विद्या जगभर पसरली. सुई टोंचावयाची नाहीं, किरणोत्सर्गी द्रव्य द्यावयाचें नाहीं. चुंबकाच्या बोगद्यांत निश्चल पडून राहिलें म्हणजे झालें.

आपण जो एम्. आर्. आय्. डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढून आणतों, तो बहुधा हा नव्हे, हेंहि येथेंच सांगतों. तो मेंदूची रचना दाखवितो. गांठ, सूज, झीज, रक्तस्राव त्यांत दिसतात, आणि त्याची योग्यता निर्विवाद आहे. हा जो दुसरा, तो त्याच यंत्रावर निघतो. परंतु तो मेंदूचा व्यापार दाखवूं पाहतो, आणि प्रश्न सर्व त्याच्याविषयींचे आहेत.

धुराचे प्रकार

न्यायशास्त्रांत जो विद्यार्थी धुरावरून अग्नीचें अनुमान शिकतो, त्यास लगेच दुसराहि धडा मिळतो. धुळीचा लोट किंवा धुकें यांस दुरून धूर समजूं नये. आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असूनहि धूर नसतो, म्हणून धूर नाहीं एवढ्यावरून अग्नि नाहीं असें ठरवूं नये. धूर निघण्यास ओलें इंधन लागतें. तो मधला उपाधि होय. मेंदूच्या चित्रांत हे तिन्ही दोष संभवतात.

धूर व अग्नि यांची सांगड मुळांतच खोटी नाहीं, हें मात्र अगोदर सांगितलें पाहिजे. २००१ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें निकोस लोगोथेटिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं माकडांच्या मेंदूंत विजेच्या तारा घालून पेशींचे तरंग आणि चुंबकीय चित्र हीं दोन्ही एकाच वेळीं नोंदलीं, आणि दोहोंचा संबंध खरा असल्याचें दाखविलें. त्यांतहि विशेष असा कीं, पेशी दूर जो निरोप धाडते त्यापेक्षां तिच्याकडे येणाऱ्या निरोपांची जी तेथल्या तेथें देवघेव होते, तिच्याशीं चित्राचा संबंध अधिक जवळचा आढळला. संबंध आहे, परंतु तो उपाधींसह आहे.

पहिला उपाधि काळाचा. पेशीचें काम सेकंदाच्या शतांशांत होऊन जातें. रक्त मात्र सावकाश येतें. एक क्षणाचें काम झालें कीं चित्रांतील उजळपणा पांचसहा सेकंदांनीं शिखरास पोंचतो. दुसरा स्थळाचा. चित्रांतील एकेक ठिपका दोनतीन मिलिमीटरांचा, आणि त्यांत कित्येक लक्ष मज्जापेशी; शिवाय ताजें रक्त पुढें मोठ्या नीलेंत वाहत गेलें म्हणजे काम एकीकडे आणि उजेड दुसरीकडे, असा घोंटाळा होऊं शकतो. तिसरा उपाधि स्वतः रक्तवाहिन्यांचा, आणि तो आपणां गृहस्थाश्रमी लोकांस सहज समजण्याजोगा आहे. चहाकॉफींतील कॅफीन मेंदूच्या वाहिन्या आकुंचित करतें. दोन पेले कडक कॉफीनें मेंदूचा रक्तप्रवाह चतुर्थांशाच्या आसपास घटूं शकतो. उलट श्वास कोंडला, किंवा कार्बन डाय-ऑक्साइड मिसळलेली हवा हुंगविली, तर त्याच वाहिन्या रुंदावतात. केटी व श्मिट यांनीं हवेंत तो वायु शेंकडा ५ ते ७ मिसळला तेव्हां प्रवाह सुमारें शेंकडा ७५ वाढला, आणि मेंदूचा प्राणवायूचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला. हें शुद्ध धुकें. अग्नीचा पत्ता नाहीं. रक्तदाबाचीं औषधें, पांडुरोग, मधुमेह, यांनींहि चित्रांत फरक पडतो.

वृद्धांच्या बाबतींत तर फारच जपावें लागतें. वाहिन्या ताठ झाल्या म्हणजे वाढप्याचा हात आंखडतो. पंगतींत भूक पन्नास पोळ्यांची असो, वाढप्यानें पूर्वीइतक्याच शंभर वाढल्या तर शिल्लक पन्नासच उरते, साठांची पन्नास होते. आणि शिल्लक पाहून भूक ठरविणारा म्हणेल कीं, या ओळींत आज कोणी जेवलेंच नाहीं. सत्तरीच्या माणसाचें चित्र विशीच्या मुलाच्या चित्राहून फिकें निघालें, एवढ्यावरून त्याची बुद्धि फिकी झाली असें म्हणतां येत नाहीं. फिकट झाली असेल ती त्याच्या वाहिन्यांची तत्परता.

ही केवळ तर्काची भीति नव्हे. २०२५ च्या अखेरीस म्यूनिक येथील संशोधकांनीं निरोगी माणसांच्या मेंदूंत नेहमींचें चित्र आणि प्राणवायूचा प्रत्यक्ष खर्च हीं दोन्ही ताडून पाहिलीं. ज्या ज्या ठिकाणीं चित्रांत ठळक बदल दिसला त्यांपैकीं सुमारें शेंकडा ४० ठिकाणीं खर्चाचा बदल उलट दिशेचा निघाला. चित्र उजळलें आणि खर्च घटला, किंवा चित्र मंदावलें आणि खर्च वाढला. कारण, कांहीं भाग रक्त अधिक न मागवितां आहे त्याच रक्तांतून अधिक प्राणवायु काढून घेऊन आपलें भागवितात. लाल तापलेला गोळा, धूर नाहीं, तो हा.

याशिवाय गणिताचाहि फांस आहे. एका चित्रांत हजारों ठिपके, आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी. इतक्या परीक्षांत कांहीं ठिपके निव्वळ योगायोगानें उत्तीर्ण होणारच. २००९ सालीं अमेरिकेंत क्रेग बेनेट व त्याच्या मित्रांनीं यंत्रांत एक मेलेला सॅमन मासा ठेवला, त्यास माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं, आणि त्यांतील माणसांच्या मनांत काय चाललें असेल असें रीतसर विचारलें. गणिताची योग्य काटछाट न करतां हिशेब केला तेव्हां त्या मृत माशाच्या डोक्यांतहि उजेड दिसला. काटछाट करतांच तो मावळला. थट्टेचा प्रयोग, परंतु त्यानें पुष्कळांचे डोळे उघडले. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षणांत एकच माहिती ७० गटांस देऊन तेच नऊ प्रश्न विचारले. कोणत्याहि दोन गटांनीं हिशेबाची रीति अगदीं सारखी वापरली नाहीं, आणि कांहीं प्रश्नांचीं उत्तरें परस्परविरुद्ध आलीं.

घरांत आणि न्यायासनापुढें

एवढें वाचून कोणी म्हणेल, मग ही विद्या टाकाऊच कीं काय? मुळींच नाहीं. मेंदूंतील गांठ काढण्यापूर्वीं रोग्याचें भाषेचें व हातापायांचें केंद्र कोठें आहे हें पाहून शस्त्रवैद्य सुरीचा मार्ग ठरवितात. तेथें तिचा उपयोग मोलाचा आहे. २००६ सालीं इंग्लंडांत एड्रियन ओवेन यानें प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अंगावर शहारे आणणारा आहे. अपघातानंतर पांच महिने निश्चेष्ट पडलेल्या, बोलावल्यास ओ न देणाऱ्या एका तरुणीस यंत्रांत ठेवून सांगितलें कीं, आपण टेनिस खेळत आहों अशी कल्पना कर. मग, आपल्या घरांतील खोल्यांतून हिंडत आहों अशी कल्पना कर. दोन्ही वेळां तिच्या मेंदूचीं तींच तीं केंद्रें जागीं झालीं, जीं धडधाकट माणसांचीं होतात. शरीर निरुत्तर होतें, आंतून मात्र कोणी ऐकत होतें. २०१० सालीं अशाच ५४ रोग्यांची परीक्षा घेतली, त्यांत पांचजणांनीं सांगितल्याप्रमाणें कल्पना करून दाखविली. बाकीच्यांविषयीं काय म्हणावें? त्यांच्या ठायीं धूर दिसला नाहीं एवढेंच. अग्नि नाहीं असें कोणीहि म्हणूं नये. ज्या घरांत असा रोगी असेल त्या घरानें हें ध्यानांत ठेवावें, आणि त्याच्या उशाशीं बोलतांना तो ऐकत आहे असें समजूनच बोलावें.

परंतु जी वस्तु शस्त्रवैद्याच्या हातीं दिवा होते, तीच बाजारांत आरसा दाखवून फसविणारी होते. या स्तंभाच्या एका वाचकभगिनीनें मध्यंतरीं पत्र धाडलें होतें. त्यांच्या पुतण्याची दहावी झाली. एका संस्थेनें मेंदूची तपासणी म्हणून बरेंच द्रव्य घेतलें, सुंदर रंगीत चित्रें असलेला अहवाल दिला, आणि मुलाचें गणिताचें केंद्र दुर्बल असल्यानें त्यास त्या शाखेस घालूं नये असा निर्णय दिला. तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत, आणि मुलानें गणिताचें पुस्तक मिटून ठेवलें आहे. ताई, तुम्हांस जें उत्तर तेंच सर्वांस. असे अहवाल पुष्कळदां चुंबकाच्या यंत्रावर निघालेले नसतातच. कोठें बोटांचे ठसे घेतात, कोठें डोक्यास तारा लावतात, आणि चित्रें शोभेसाठीं दुसरीकडून आणून छापतात. आणि समजा, खरेंच यंत्र वापरलें असलें तरीहि एका मुलाच्या एका चित्रावरून त्याच्या अमुक विषयांतील भवितव्य सांगण्याची शक्ति आज जगांतील कोणत्याहि प्रयोगशाळेस नाहीं. उत्तम संशोधन पुष्कळ माणसांच्या सरासरीवर चालतें. सरासरीचा नियम एका मुलाच्या गळ्यांत बांधतां येत नाहीं. मुलाचें गणित कच्चें असेल तर कोणत्या धड्यापासून कच्चें झालें तें शोधावें. अपूर्णांकांत अडला असेल तर अपूर्णांकांवर परत न्यावें. पस्तीस वर्षें खडू हातीं धरून आम्हीं जें पाहिलें तें हें कीं, वर्गांतील पुष्कळशीं दुर्बल केंद्रें नीट शिकविल्यानें सबळ होतात. आणि एकदां 'तुझ्या मेंदूंतच तें नाहीं' असें मुलास सांगितलें म्हणजे मात्र चांगलें चाललेलें गणितहि बसतें.

न्यायासनापुढें तर हा प्रश्न कोणाच्या प्राणावरहि बेतूं शकतो. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानांत २०१० सालीं एका आरोपीनें आपण खरें बोलतों हें सिद्ध करण्यास मेंदूचें असें चित्र पुढें केलें. न्यायालयानें तें पुराव्यांत घेतलें नाहीं, आणि २०१२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तोच निर्णय कायम ठेवला. आपल्याकडे २००८ सालीं पुण्याच्या सत्र न्यायालयांत एका खुनाच्या खटल्यांत मेंदूच्या तपासणीचा आधार शिक्षेसाठीं घेतला गेला, तेव्हां जगभर चर्चा झाली होती. ती तपासणी रक्ताची नव्हती, विजेच्या तरंगांची होती. परंतु अनुमानाची उडी तशीच. पुढें ५ मे २०१० रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा तपासण्या कोणावरहि सक्तीनें करतां येणार नाहींत, आणि स्वेच्छेनें केल्या तरी त्यांचा निकाल हा स्वतः पुरावा होत नाहीं. धुरावरून अग्नि ओळखणें निराळें, आणि धुरावरून घर कोणीं पेटविलें हें सांगणें निराळें, हाच विवेक त्या निर्णयांत आहे.

तेव्हां, वाचकहो, यापुढें असें रंगीत चित्र दृष्टीस पडलें म्हणजे चार प्रश्न विचारावे. हें चित्र कोणत्या दोन स्थितींच्या वजाबाकीचें आहे? तें एका माणसाचें कीं पुष्कळांच्या सरासरीचें? माणसाचें वय, औषधें, श्वास, चहाकॉफी यांचा विचार केला आहे काय? आणि रक्तावरून जें म्हटलें आहे तें पेशींच्या कामापर्यंतच थांबतें, कीं तेथून उडी मारून मनुष्याच्या स्वभावावर, बुद्धीवर किंवा सत्यासत्यतेवर जाऊन बसतें? पहिल्या तिहींचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर चित्रावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. चौथ्याचें उत्तर उडीचें असेल तर चित्र कितीहि सुंदर असो, तें घडी घालून बाजूस ठेवावें, आणि ज्या माणसाचें तें आहे त्याच्याशींच दोन शब्द बोलावे.

पुढील मासीं निद्रा आणि स्मृति यांच्या परस्परसंबंधाविषयीं लिहिण्याचा विचार आहे.